कारणाचा रकाना

डेपोकाकांनी मला तीन वर्षांत एकही प्रश्न विचारला नाही. वाढवून सांगत नाही, माझं नावसुद्धा विचारलं नाही. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला कॉम्प्युटर रूमच्या दारात सोडलं, "या नव्या बाई" एवढंच म्हणाले आणि प्रार्थनेच्या घंटेमागे धावले. आत साठी ओलांडलेले एक गृहस्थ ओठांत स्क्रू धरून, कीबोर्ड उलटा करून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पायानं दुसरं स्टूल माझ्या दिशेनं सरकवलं आणि पुन्हा कीबोर्डमध्ये डोकं घातलं.

मी बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला गप्प बसायची सवय नाही, आमच्या घराण्यातच कुणाला नाही. शेवटी मीच सुरू झाले. नाव सांगितलं, तळेगावहून येते, नवरा चाकणला कंपनीत आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात, सगळं सांगून झालं. ते ऐकत होते, पण पुढे काही विचारत नव्हते, त्यामुळे थांबायचं कुठे ते मला कळेना. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं की मी सहा वर्षं मुलांना कॉम्प्युटर शिकवते आहे, पण आजवर एकही कॉम्प्युटर उघडून पाहिलेला नाही, मला भीती वाटते. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. काकांनी ओठांतला स्क्रू काढला, "बरं" म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

काका गेल्या हिवाळ्यात वारले. तेराव्यानंतर काकूंनी मला लोणावळ्याला बोलावून घेतलं, माझ्या घरच्या प्रत्येक माणसाची चौकशी केली आणि एक जाड रजिस्टर माझ्या हातात ठेवलं. "हे म्हणून गेले होते, बाईंना द्या." ते रजिस्टर आता माझ्या टेबलावर आहे. ते उघडलं की काका आठवतात, आणि काका आठवले की माझी मान अजून थोडी खाली जाते.

आमची शाळा वडिवळ्याच्या धरणाच्या अलीकडे, भातखाचरांच्या मधोमध. मी तळेगावहून लोकलनं कामशेतला यायचे, काका लोणावळ्याहून. दोघांच्या गाड्या उलट दिशांच्या, पण आठ-दहा मिनिटांच्या फरकानं यायच्या. तिथून पुढे जीपनं शाळा. काका देहूरोडच्या लष्करी डेपोत तीस वर्षं वायरलेस सेट दुरुस्त करून निवृत्त झाले होते, म्हणून मुलं त्यांना डेपोकाका म्हणत. शाळेत ते मानधनावर येत. त्यांचं नेमकं पद काय, हे मुख्याध्यापकांनाही नीट सांगता आलं नसतं. खोलीतलं काही बिघडलं की काका, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

त्यांच्या सवयी मात्र अख्ख्या गावाला पाठ होत्या. कोणत्याही यंत्राला हात लावायच्या आधी ते उठून खिडकीपाशी जायचे आणि लोखंडी गजावर तळहात टेकवायचे. अंगात साठलेली वीज गजावाटे निघून जाते, नाहीतर बोटाच्या एका स्पर्शानं आतली नाजूक चिप जळते, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबरच होतं, पण त्यांनी ते कुणाला समजावून सांगितलं नाही, फक्त रोज केलं. मुलांनी पाहिलं आणि तीही करायला लागली. पाचवीतली पोरं गजाला हात लावून तो हात कपाळाला लावायची. एकदा परीक्षेच्या दिवशी कुणीतरी गजाला झेंडूचं फूल बांधून ठेवलं होतं. काकांनी फूल काढलं नाही, त्याच्या बाजूच्या गजाला हात लावला.

खिशात दोन डब्या असायच्या. एकीत भाजलेले शेंगदाणे, दुसरीत गूळ. लोणावळ्याचा माणूस, स्टेशनबाहेर पडलं की दोन्ही हातांना चिक्कीची दुकानं, पण काकांनी जन्मात चिक्कीला तोंड लावलं नाही. दाणे आणि गूळ एकत्र करायचं काम तोंडाचं आहे, दुकानदाराचं नाही, असं ते म्हणत.

आणि तो दिवा. आमच्याकडे श्रावणात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो, कपाटातल्या वह्या फुगतात, शब्दकोशाला बुरशी येते. यंत्रं कोरडी राहावीत म्हणून काका लॅपटॉपच्या कपाटात खालच्या खणात पिवळा दिवा पेटता ठेवायचे. रात्रंदिवस. कपाट उघडलं की आतून उबदार वाफ तोंडावर यायची. मुख्याध्यापकांना तो दिवा कधीच आवडला नाही.

आता रजिस्टर. काकांनी त्यात तांबड्या शाईनं चार रकाने आखले होते: यंत्र, दोष, कारण, उपाय. डेपोतली शिस्त. दोष आणि उपाय नेहमी भरलेले असत. कारणाचा रकाना मात्र पानंच्या पानं रिकामा दिसायचा. त्याचा नियम असा की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं, नाहीतर ज्याचं त्यानं येऊन सांगितलेलं. अंदाज लिहायचा नाही. काही रिकाम्या चौकटी तीन-तीन महिन्यांनी वेगळ्या शाईत भरलेल्या आहेत. 'उसाचा रस सांडला. स्वतः सांगितले.' 'वायर दातांनी सोलली. स्वतः सांगितले.' नाव कुठेच नाही. हे मुलांना माहीत होतं. येऊन सांगितलं की नाव लिहीत नाहीत, फक्त ते दोन शब्द लिहितात. दहावीचा एक मुलगा निरोप समारंभाच्या दिवशी आला आणि आठवीत असताना माऊस मीच फोडला म्हणून सांगून गेला. काकांनी मागची पानं उलटली, चौकट शोधली आणि लिहिलं.

मोठ्यांवरही हा उपाय चालायचा. आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष आबा वडिवळ्याचे, भाताचे मोठे शेतकरी, बोलायला ऐसपैस. एकदा ते आपला मोबाईल घेऊन आले, आवाज येत नाही म्हणाले. काकांनी स्टूल सरकवलं. आबा पावसावर बोलले, लावणीवर बोलले, चुलतभावाशी चाललेल्या बांधाच्या भांडणावर बोलले, आणि अर्ध्या तासानं खालच्या आवाजात म्हणाले की फोन चिखलात पडला. कुठे पडला? तर चुलतभावाचा बांध वीतभर पलीकडे सरकवायला वाकले होते तेव्हा, वरच्या खिशातून. "आता हे कुटं बोलू नका बरं का." काकांनी मोबाईल उघडला, चिखल काढला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: 'चिखल. स्वतः सांगितले.' बांधाचा उल्लेख नाही.

मला हे सगळं तेव्हा गमतीचं वाटायचं. एकदा कामशेतच्या फलाटावर मी त्यांना विचारलंच की काका, तुम्ही सरळ विचारत का नाही, वेळ तरी वाचेल. त्यांनी डब्यांतून दाणे काढले, गूळ काढला, आणि बरंच चावून झाल्यावर सांगितलं. डेपोत त्यांच्या हाताखाली एक नवा माणूस होता. एक सेट जळला. काका तापट होते तेव्हा, त्यांनी चारचौघांत त्याला विचारलं की तू काय केलंस. तो घाबरला आणि तोंडाला येईल ते बोलला. ते खोटं होतं, पण अहवालात गेलं, आणि एकदा अहवालात गेल्यावर त्याला ते परत घेता येईना. नोकरी गेली त्याची. सेट जळण्यात त्याची चूक फारशी नव्हतीच, असं नंतर निघालं.

"विचारलं की माणूस उत्तर देतो, बाई," काका म्हणाले. "खरं सांगतोच असं नाही."

त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं होतं.

दुसऱ्या वर्षी एका कंपनीनं आपले वापरून झालेले पंधरा लॅपटॉप शाळेला दिले. सगळे एकाच बनावटीचे, काळे, जड. गावात पहिल्यांदाच एवढी यंत्रं आली. आबांनी जाहीर करून टाकलं की पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर नव्या कक्षाचं उद्घाटन होणार आणि कंपनीचे साहेब येणार. इकडे यंत्रं मात्र वीस मिनिटं चालली की तापून आपोआप बंद पडत. काकांनी एक उघडलं, पंख्यात कापसासारखी धूळ बसलेली दाखवली आणि प्रत्येक यंत्र उघडून साफ करायला घेतलं. दिवसाला एक. ऑगस्ट उजाडला तेव्हा चार झाली होती.

माझा जीव खालीवर होत होता. त्यात एका दुपारी पंख्याखाली लावायची पेस्ट आणायला काका पुण्याला गेले. मला इंटरनेटवर एक फुकटचा प्रोग्रॅम सापडला होता. यंत्रात कोणकोणते भाग बसवले आहेत ते तो स्वतःच हुडकून काढायचा आणि आतलं तापमान दाखवायचा. उरलेल्या अकरांपैकी खरोखर किती तापतात ते कळलं, तर सगळी उघडायची गरज नाही, असा माझा हिशेब. प्रोग्रॅम पावलोपावली इंग्रजीत काहीतरी विचारायचा, पुढे जाऊ का, इथे शोधू का. मी 'हो'चं बटण दाबत गेले. एका ठिकाणी चांगल्या चार ओळींची सूचना होती की काही यंत्रांना या तपासणीनं इजा होऊ शकते. वर्गात मी रोज ओरडते की स्क्रीनवर आलेलं वाचल्याशिवाय बटण दाबू नका. मी वाचलं नाही. बटण दाबलं.

तापमान छान दिसलं. म्हणून दुसऱ्यावर चालवलं, मग तिसऱ्यावर. सुरू असलेलं यंत्र सुरूच राहत होतं, त्यामुळे कसलीही शंका आली नाही. शाळा सुटेपर्यंत अकराही झाले. मी ते बंद करून कपाटात ठेवले आणि खुशीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला लॅपटॉप सुरू केला तर काळ्या पडद्यावर दोन ओळी. आतल्या स्मृतीत लिहिलेलं जुळत नाही, म्हणे. खाली कुलपाचं चित्र, आणि ते कुलूप एक असा पासवर्ड मागत होतं जो कुणीच कधी दिलेला नव्हता. दुसरा तसाच. तिसरा सुरू करताना मला कालची ती चार ओळींची सूचना डोळ्यांपुढे दिसायला लागली. काका शेजारी उभे होते. त्यांनी अकराही एकेक करून पाहिले, प्रत्येक वेळी गजाला हात लावून.

मुख्याध्यापक आले, मागोमाग आबा. मुख्याध्यापकांनी कपाट उघडलं, वाफ त्यांच्या तोंडावर आली, आणि त्यांना उत्तर सापडलं. टेबलावर साफ करून ठेवलेले चार लॅपटॉप धडधाकट, कपाटातले अकरा मेलेले. याहून सरळ पुरावा कोणता?

"काका, हा दिवा कुणी लावला?"

"मी लावला," काका म्हणाले.

खोटं काहीच नव्हतं त्यात. पुढे आणखी काही बोलतील म्हणून सगळे थांबले, पण काकांना जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी सांगितलं होतं. मग मुख्याध्यापक बराच वेळ बोलले, आवाज न चढवता, आणि शेवटी म्हणाले की काका, तुमचं आता वय झालं, उद्यापासून घरी विश्रांती घ्या. मी कंत्राटावर होते. दर जूनला माझा कागद नवा व्हायचा, आणि तो याच मुख्याध्यापकांच्या सहीनं. मी खिडकीपाशी उभी होते आणि माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. आमच्या घराण्यात कुणाला जमलं नव्हतं ते मला त्या दिवशी जमलं.

काकांनी एवढंच मागितलं की ही अकरा यंत्रं आणि चांगल्यांतलं एक मला घरी नेऊ द्या, दुरुस्त करून आणतो. आबांनी आपल्या जीपमधून ती लोणावळ्याला पोचवली. माणसाला कामावरून काढायचं आणि काम त्याच्याच घरी पाठवायचं, यात काही चुकतंय असं त्या दिवशी कुणालाच वाटलं नाही, किंवा वाटलं ते कुणी बोललं नाही.

सातव्या दिवशी काका जीपमधून आले. बाराही यंत्रं चालू. मुख्याध्यापक बैठकीला गेले होते. मी काकांसाठी चहा मागवला आणि आम्ही रिकाम्या खोलीत दोन स्टुलांवर बसलो. काका आपणहून फार कमी बोलत, पण त्या दिवशी त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, माझ्याकडे न बघता, चहाकडे बघत.

"आत एकाच तारेवर चार-पाच छोट्या चिप्स बसलेल्या असतात. एक ताप मोजते. एकीच्या पोटात यंत्राचा नंबर आणि कुलूप असतं. कुणीतरी त्या तारेवर दारोदार जाऊन विचारलं, ताप मोजणारी तूच का? तापवालीनं बरोबर सांगितलं. ही दुसरी साधी. हिला वाटलं, आपल्याला काहीतरी लिहून घ्यायला सांगताहेत. हिनं तो प्रश्नच लिहून घेतला, आधीचं होतं त्याच्यावर."

चांगल्या लॅपटॉपच्या चिपमधलं सगळं त्यांनी वाचून घेतलं होतं, अकरांत भरलं होतं, आणि प्रत्येकाचा नंबर त्याच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवरून पाहून घातला होता. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चिप, तिला आठ पाय. डोळ्यांना भिंग लावून अकरा वेळा. त्यांचे डोळे लाल होते.

मग ते थांबले. कपात दोन घोट चहा उरला होता, तो त्यांनी प्यायला नाही. आता मला कळतं की ते स्टूल सरकवून बसले होते, पहिल्या दिवशी बसले होते तसेच. दिवा निर्दोष आहे हे त्यांना कळलं होतं, कुणीतरी बाहेरचा प्रोग्रॅम चालवला हेही कळलं होतं, आणि त्या दुपारी खोलीची किल्ली कुणाकडे होती हे तर उघडच होतं. मी कपाकडे बघत राहिले. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. काकांनी गार झालेला चहा पिऊन टाकला, "येतो" म्हणाले आणि गेले. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते, आधीच्या चुकीपेक्षा जास्त.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, साहेब आले. काकांना बोलावणं नव्हतं. मुलं ओळीनं नव्या कक्षात शिरली आणि लॅपटॉपवर बसण्याआधी एकेक जण खिडकीपाशी जाऊन गजाला हात लावून आला. कुणी सांगितलं नव्हतं. साहेब बघत राहिले, त्यांना वाटलं गावचं काही दैवत असेल, म्हणून त्यांनीही बूट काढले, गजाला हात लावला आणि डोळे मिटले. सगळे हसू दाबत होते. मला मात्र रडू यायला लागलं. आणि तेवढ्यात मुख्याध्यापकांनी काकांचा उल्लेखही न करता माझं नाव पुकारलं, बंद पडलेली यंत्रं वेळेत उभी केल्याबद्दल, शाल आणि नारळ.

शाल अंगावर घेऊन मी खाली उतरले ती थेट पाण्याच्या टाकीमागे. तिथे आबा तंबाखू मळत उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं, एका दमात. आबांची तंबाखू हातातच राहिली.

"बाई, मंग माझं बी ऐका," आबा म्हणाले. "त्यो दिवा माझा. कोंबडीच्या पिल्लांच्या खोक्यातला, मीच आणून दिलता. हेडसर दिव्यावर घसरले तवा मला बोलाया पायजे होतं. अध्यक्ष हाय ना मी. न्हाई बोललो."

मग आबा म्हणाले की हेडसरांचं उद्या बघू, आधी काकांकडे, आणि जीप काढली. सुट्टीचा दिवस, लोणावळ्यात मुंबई-पुण्याचे पाहुणे लोटलेले, बाजारात गाड्या मुंगीच्या पावलांनी चाललेल्या. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून अडकलेल्या जीपमधून खाली उतरून आबा एक किलो चिक्की घेऊन आले. मी काही बोलले नाही. माझ्याकडे बोलण्यासारखं एकच होतं आणि ते मी जपून धरलं होतं.

काका रेल्वेलाइनच्या बाजूला दोन खोल्यांत राहत. दार काकूंनी उघडलं. तोवर मला काकू आहेत हेही माहीत नव्हतं, कारण काकांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्या घरातले सगळे प्रश्न काकूंच्या वाट्याला आले होते. कोण तुम्ही, कुठून आलात, जेवलात का, वाटेत किती वेळ लागला, शाल कसली, ही चिक्की कुठल्या दुकानातली, एवढी महाग का घेतली. काका कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. त्यांनी आणखी दोन स्टुलं पायानं सरकवली.

"आज झेंडावंदनाला कसे गेले नाहीत विचारलं तर म्हणे पाय दुखतोय," काकू म्हणाल्या. "एरवी रोज आठच्या गाडीला डबा घेऊन जातात. शाळेत सगळं बरं आहे ना हो?"

मी काकांकडे पाहिलं. यंत्रं परत केल्यापासून ते शाळेत आलेलेच नव्हते, त्यांना येऊच दिलं नव्हतं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. आबा मध्येच यंदाच्या भाताबद्दल काहीतरी बोलायला लागले आणि आपसूक थांबले.

मग मी सांगितलं. काकूंच्या देखत, सगळं. प्रोग्रॅम मी चालवला, सूचना वाचली नाही, दिव्यावर आळ आला तेव्हा गप्प बसले, काकांना कामावरून काढलं तेव्हा गप्प बसले, त्या दिवशी चहा पितानाही गप्प बसले, आणि आज त्यांच्या कामाची शाल अंगावर घेतली. रडत नव्हते. आवाज मात्र माझा वाटत नव्हता. काकांनी मध्ये एकदाही मान हलवली नाही. माझं संपलं, आणि ते आणखी थोडा वेळ थांबले, काही राहिलंय का म्हणून.

मग उठून आतल्या खोलीत गेले आणि रजिस्टर घेऊन आले. त्यांनी पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. ओळीनं अकरा नोंदी. प्रत्येक यंत्राचा नंबर, दोष: स्मृतीची चिप बिघडली. उपाय: पुन्हा लिहिली. कारणाचा रकाना अकराही ठिकाणी कोरा होता. सगळं ठाऊक असून त्यांनी तिथे काही लिहिलं नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"लिहा, बाई," ते म्हणाले.

मी लिहिलं. 'सूचना न वाचता तपासणीचा प्रोग्रॅम चालवला.' एकदा लिहून खाली 'वरीलप्रमाणे' म्हणता आलं असतं, पण मी अकराही वेळा पूर्ण लिहिलं. चौथ्या ओळीपासून अक्षर जरा सुधारलं. आबा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि त्यांनी विचारलं की दिव्याचं कुठं लिहू. काका म्हणाले की दिव्याचा काही दोष नव्हता, आबा, तुम्ही बसा.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्याकडून लेखी घेतलं, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि काकांना निरोप पाठवून परत बोलावलं. माझा कागद पुढच्या जूनला नवा झाला, त्यात आबांचा हात असावा. ते सगळं पुढचं. त्या संध्याकाळी काकांनी माझ्या हातातून पेन परत घेतलं, माझ्या अकरा ओळींच्या कडेला एक लांब कंस काढला आणि त्याच्यापुढे, मुलांच्या बाबतीत लिहायचे, तेच दोन शब्द लिहिले. स्वतः सांगितले.

काकू इतका वेळ दाराला टेकून उभ्या होत्या. काकांना कामावरून काढलं होतं हे त्यांनी आत्ताच ऐकलं होतं, आणि त्यांच्या मनात बहुतेक आठच्या गाडीचा हिशेब चालला होता.

"मग इतके दिवस डबा घेऊन जात कुठे होतात?"

"एक स्टेशन आधी, मळवलीला उतरायचो," काका रजिस्टर मिटत म्हणाले. "फलाटावर बसायचो. कामशेतला बाई असतात. मला तिथं बसलेलं बघून त्यांना बोलावं लागलं असतं."

काकूंनी त्यापुढे काही विचारलं नाही.